इंग्रजी वाक्य अडलं की 'च' कुठे बसतो ते बघा

करारातलं, नोटिशीतलं किंवा फॉर्मवरचं इंग्रजी वाक्य चार वेळा वाचूनही हाती लागत नाही, तेव्हा बहुतेक जण डिक्शनरी उघडतात. तिच्यातून काही निघत नाही, कारण वाक्यातले शब्द सगळे ओळखीचेच असतात. कोणता शब्द कोणाला चिकटलाय, एवढंच कळत नसतं. हे चिकटवणं इंग्रजी लिहिणाऱ्याला उघड करून दाखवावं लागत नाही, मराठीला मात्र ते बऱ्याचदा टाळता येत नाही. विभक्तीचा प्रत्यय, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, लिंग, आणि तो एवढासा 'च', ह्यांतलं काहीतरी कुठेतरी लावावं लागतं. म्हणून वाक्य मराठीत म्हणायला घ्या, आणि 'आता इथे काय म्हणू?' असं होऊन जीभ अडखळली की तिथे पेन्सिलीने खूण करा. दोन अर्थांची जागा बहुधा तीच असते.

भाषांतर देखणं नको. ओबडधोबड, बाजारात बोलतो तसं चालतं. उलट फार गुळगुळीत केलं तर खाच बुजून जाते. यंत्राने केलेल्या भाषांतराचा इथे हाच तोटा आहे. ते दोनांतला एक अर्थ गुपचूप निवडतं आणि इतकं सफाईदार वाक्य हातात देतं की दुसरा अर्थ होता ह्याची शंकाही येत नाही. खाली इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, कारण वाचताना आपण नकळत कुठे थांबतो त्यावरून मनाने कोणता अर्थ धरलाय ते कळतं.

सोपं उदाहरण आधी. 'ही इज ॲन ओल्ड फर्निचर डीलर.' मराठीत तोंड उघडलं की लगेच ठरवावं लागतं: जुना की जुन्या? 'जुन्या फर्निचरचा व्यापारी' म्हटलं की सामान्यरूपाने विशेषण फर्निचरला बांधलं. 'फर्निचरचा जुना व्यापारी' म्हटलं की ते माणसाकडे गेलं, आणि तिथेही धंद्यात मुरलेला की वयाने म्हातारा, हा प्रश्न उरतोच. इंग्रजीत ओल्ड आणि फर्निचर ह्यांच्यामध्ये एक छोटी आडवी रेघ टाकली असती तर पहिला अर्थ पक्का झाला असता. ती रेघ टाकायचा कंटाळा लोक फार करतात.

भाषाशास्त्राच्या वर्गात हमखास येणारं 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' हेही त्याच जातीचं. दुर्बिणीतून पाहिला, की दुर्बीणवाला पाहिला? 'विथ' हा एकच शब्द मराठीत ने, सह, बरोबर, असलेला, घेऊन अशी पाच-सहा रूपं घेतो. वाक्यात 'विथ' दिसला की त्यातलं कोणतं रूप बसतंय ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण चिकटवाचिकटवीच्याही आधी क्रियापद शोधावं लागतं. मराठीत ते बहुधा शेवटी येऊन उभं राहतं, त्यामुळे शोधायची सवयच आपल्याला नसते. इंग्रजीत ते मध्येच असतं आणि वेष बदलून असतं. 'द ओल्ड मॅन द बोट' हे वाक्य अपुरं वाटतं, कारण 'ओल्ड मॅन' म्हणजे म्हातारा असं आपण धरून बसतो. इथे 'द ओल्ड' म्हणजे म्हातारी मंडळी, आणि 'मॅन' हे क्रियापद: नावेवरचं काम म्हातारी मंडळी सांभाळतात. मानसभाषाशास्त्रज्ञ टॉमस बीव्हर ह्यांनी १९७० मध्ये दिलेलं 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' त्याहून प्रसिद्ध. वाचणारा 'रेस्ड' म्हणजे 'धावला' धरतो आणि शेवटच्या 'फेल'वर आपटतो. मराठीत 'कोठारावरून दौडवलेला घोडा पडला' म्हणताना कुणीही आपटत नाही, कारण 'लेला'ने आधीच सांगून टाकलं की हे मुख्य क्रियापद नव्हे.

ऑफिसच्या कागदात असे घोडे नसतात, पण 'द कँडिडेट्स इंटरव्ह्यूड लास्ट वीक कम्प्लेन्ड' असलं काहीतरी असतंच. उमेदवारांनी मुलाखत घेतली, की उमेदवारांची घेतली? इथे 'इंटरव्ह्यूड'च्या जागी ज्याची दोन रूपं वेगळी आहेत असं क्रियापद टाकून बघायचं, जसं 'सॉ' आणि 'सीन'. 'कँडिडेट्स सीन लास्ट वीक कम्प्लेन्ड' चालतं, 'कँडिडेट्स सॉ' चालत नाही. म्हणजे हे 'लेला'वालं रूप आहे, आणि खरं क्रियापद शेवटी आहे. किंवा मध्ये 'हू वर' घालून वाचावं. बसलं तर तेच.

बातम्यांचे मथळे ह्या बाबतीत सगळ्यात वाईट, कारण त्यांतून 'इज' आणि 'द' दोन्ही कापलेले असतात. २००९ मध्ये 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स' असा एक मथळा छापून आला. सांगायचं होतं ते असं: जपान एअरलाइन्सच्या विमान अपघाताशी जिचं आयुष्य जोडलं गेलंय ती व्हायोलिनवादक आता बहरते आहे. वाचणाऱ्यांना मात्र 'क्रॅश ब्लॉसम्स' नावाची कसली तरी फुलं दिसली. तेव्हापासून अशा मथळ्यांना इंग्रजीत 'क्रॅश ब्लॉसम' हेच नाव पडलं.

आता यादी. यादी हा प्रकार साधा वाटतो, आणि पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात, कोणत्या कामांना जादा तासांचा वाढीव मोबदला लागू नाही त्यांची एक यादी होती. नाशवंत खाद्यपदार्थ, शेतमाल, मांस-मासळी ह्यांच्यासंबंधीची कामं. यादी अशी: 'द कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ', आणि पुढे पदार्थ. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक माल पोचवायचे, पॅकिंग करायचे नाहीत. त्यांना जादा तासांचे पैसे मिळायला हवेत की नकोत, हे 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नसण्यावर येऊन ठेपलं.

मराठीत म्हणून बघा. 'पाठवणी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणे' म्हटलं की 'साठी' दोन्हींच्या शेवटी एकदाच येतो. काम एकच: पॅकिंग. मग वितरण यादीत नाही, आणि चालकांना पैसे मिळतात. 'पाठवणीसाठी पॅकिंग करणे किंवा वितरण करणे' म्हटलं की 'साठी' मध्येच संपला आणि वितरण हे यादीतलं वेगळं काम झालं. मग चालकांना पैसे नाहीत. इंग्रजीतला 'फॉर' आधी येऊन बसतो आणि त्याचा हात कुठपर्यंत पोचतो ते सांगत नाही. आपला 'साठी' शेवटी येतो, त्यामुळे त्याचं कुंपण दिसतं.

दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले, आणि ते शिकण्यासारखे आहेत. चालक म्हणाले, यादीतली सगळी कामं 'इंग'ने संपतात: कॅनिंग, ड्राइंग, पॅकिंग. 'डिस्ट्रिब्यूशन' तसं संपत नाही, 'शिपमेंट'ही नाही. म्हणजे ती दोघं एका माळेतली, 'फॉर'च्या पोटातली. शब्दांची रूपं जुळतात का, ही तपासणी कोणत्याही यादीवर करता येते आणि ती क्वचितच फसवते. कंपनी म्हणाली, मग शेवटच्या कामाच्या आधी 'ऑर' कुठे आहे? 'पॅकिंग' हे शेवटचं काम असतं तर त्याच्याआधी 'ऑर' असायला हवा होता. शिवाय शिपमेंट आणि डिस्ट्रिब्यूशन एकाच अर्थाचे, तर दोन्ही लिहायचं कारण काय? आणि मेनच्या कायदे-लेखनाच्या पुस्तिकेतच शेवटच्या 'ऑर'आधी स्वल्पविराम देऊ नये असं सांगितलंय. हाही युक्तिवाद हलका नव्हता. खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिलाच होता. अपील न्यायालयाने १३ मार्च २०१७ रोजी सांगितलं की वाक्य खरोखरच संदिग्ध आहे, आणि हा कायदा कामगारांच्या संरक्षणासाठी असल्यामुळे संशयाचा फायदा चालकांना. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. अपिलाच्या निकालानंतर विधिमंडळाने यादी दुरुस्त केली: मध्ये अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' केलं. 'इंग'ची माळ पुरी झाली.

स्वल्पविराम असला म्हणजे सुटलो, असंही नाही. कॅनडात रॉजर्स ह्या केबल कंपनीने ॲलिअंट ह्या कंपनीचे खांब तारा टाकायला भाड्याने घेतले होते, वर्षाला खांबामागे ९.६० डॉलर. २००२ च्या करारातलं वाक्य थोडक्यात असं: करार पाच वर्षं चालेल, अँड देअरआफ्टर फॉर सक्सेसिव्ह फाइव्ह इयर टर्म्स, अनलेस अँड अंटिल टर्मिनेटेड बाय वन इयर प्रायर नोटिस. 'टर्म्स'नंतरच्या स्वल्पविरामामुळे 'अनलेस' मोकळा झाला आणि पहिल्या पाच वर्षांनाही लागला, असं ॲलिअंटचं म्हणणं. म्हणजे वर्षभराची नोटीस देऊन पहिल्या मुदतीतच करार मोडता येतो. रॉजर्सच्या मते नोटिशीची सोय फक्त पुढच्या मुदतींसाठी होती. तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने २००६ मध्ये विरामचिन्हांच्या नियमावर बोट ठेवून ॲलिअंटचं म्हणणं मान्य केलं आणि २००७ मध्ये तोच निर्णय फिरवला. का? ह्या कराराच्या नमुन्याची फ्रेंच प्रतही होती, आणि फ्रेंचमध्ये दोन अर्थ निघतच नव्हते.

दुसऱ्या भाषेत वाक्य म्हणून बघणं ही नुसती घरगुती युक्ती नाही, ते ह्यावरून दिसतं. कागदाची मराठी किंवा हिंदी प्रत असेल तर आधी ती मागावी. 'मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य' अशी ओळ द्विभाषिक कागदांवर पुष्कळदा असते, तिला घाबरायचं कारण नाही. फरक आढळला तर इंग्रजी ग्राह्य धरतील. इंग्रजीतून दोन अर्थ निघत असतील आणि मराठीतून त्यांतला एक, तर ते विरोधात नाहीत, आणि तुमच्या हातात निदान बोलायला काहीतरी आहे.

'ओन्ली' ह्या शब्दाला मात्र खास वेळ द्यावा लागतो. इंग्रजी लोक बोलताना तो क्रियापदाच्या आधी कुठेही भिरकावतात आणि आवाजाच्या जोरावर अर्थ पोचवतात. कागदावर आवाज नसतो. दवाखान्याच्या दारावरची ही पाटी घ्या: 'द डॉक्टर ओन्ली सीज चिल्ड्रन ऑन मंडेज.' मराठीत 'च' कुठे तरी डकवावाच लागेल.

सोमवारी मुलांनाच तपासतात. म्हणजे मोठ्यांनी सोमवारी येऊ नये, पण मुलं बाकीच्या दिवशीही आणता येतील.

मुलांना सोमवारीच तपासतात. म्हणजे मंगळवारी मूल घेऊन जाऊ नका. मोठ्यांबद्दल पाटी गप्प आहे.

सोमवारी मुलांना डॉक्टरच तपासतात. हा अर्थ इंग्रजी शब्दक्रमातून ओढूनताणूनच निघतो, सोडून द्यायला हरकत नाही. सोमवारी मुलांना नुसतं तपासतात, लस वगैरे देत नाहीत, हा मात्र निघू शकतो.

'च' ज्या शब्दाला चिकटेल त्यालाच वेगळं काढतो, दुसऱ्याला नाही. म्हणून 'ओन्ली' असलेल्या वाक्याची परीक्षा ठरलेली: प्रत्येक नामाला, प्रत्येक वेळेला आणि क्रियापदाला आळीपाळीने 'च' लावायचा आणि विचारायचं, 'मग बाकीच्यांचं काय?' जिथे 'बाकीच्यांचं' उत्तर वेडगळ येईल तो अर्थ बाद. 'ईव्हन', 'ऑल्सो' आणि 'जस्ट' ह्यांनाही हेच लागू. तिथे 'च'ऐवजी 'ही', 'सुद्धा', 'नुसतं' फिरवून बघायचं.

नकार आला की वेगळी कसरत. 'ऑल एम्प्लॉईज आर नॉट एलिजिबल': कुणीच पात्र नाही, की सगळेच पात्र असं नाही? भारतातल्या सर्क्युलरांत बहुधा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. इंग्रजांच्याही जुन्या म्हणीत नेमका हाच घोळ आहे, पण 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' हे आपल्या इतकं कानावरून गेलंय की आपण ते बरोबर अर्थानेच ऐकतो.

'नॉट' आणि 'बिकॉज' एका वाक्यात दिसले तर थांबाच. 'द कमिटी डिड नॉट रिजेक्ट द टेंडर बिकॉज इट वॉज लेट.' टेंडर वाचलं की गेलं? इथे मराठीकडे एक चांगलं हत्यार आहे आणि ते आपण विसरत चाललोय: 'नाही' आणि 'नव्हे'. 'उशिरा आलं म्हणून नव्हे' म्हटलं की टेंडर फेटाळलं गेलंच, कारण फक्त दुसरं. 'फेटाळलं नाही' म्हटलं की ते वाचलं. 'नव्हे' कारणाला कापतो, 'नाही' क्रियेला.

नकाराखाली 'अँड' आला तर न्यायमूर्तींमध्येही फाटाफूट होते. अमेरिकेच्या २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टमध्ये, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सक्तीच्या किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा कोणाला देता येईल ह्याची अट अशी लिहिली आहे: आरोपीकडे पूर्वीच्या गुन्ह्यांसंबंधीच्या अमुक, तमुक 'अँड' ढमुक गोष्टी 'डझ नॉट हॅव'. मराठीत दोन वाटा. 'तिन्हींपैकी एकही नसावी': मग एक जरी असली तरी सवलत गेली. 'तिन्ही एकदम नसाव्यात': मग दोन असल्या तरी सवलत आहे. ह्या एका 'अँड'वर वर्षानुवर्षांचा तुरुंगवास टांगलेला. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२४ रोजी 'एकही नसावी' हा अर्थ धरला, सहा विरुद्ध तीन मतांनी. केगन ह्यांनी बहुमताचा निकाल लिहिला, गॉर्सच ह्यांनी विरोधातला. नऊ न्यायमूर्तींना जिथे एकमत होता येत नाही, तिथे सोसायटीच्या सेक्रेटरीने लिहिलेल्या वाक्याचं आपल्याला कळलं नाही तर लाजायचं कारण नाही.

सर्वनामांत मराठीचं लिंग फुकटात मदत करतं. संगणकाला वाक्य खरोखर समजलंय का हे तपासायला संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेव्हेक ह्यांनी सुचवलेल्या चाचणीतलं गाजलेलं वाक्य आहे: ट्रॉफी ब्राऊन सूटकेसमध्ये मावत नाही बिकॉज इट इज टू बिग. 'इट' कोण? ट्रॉफीला चषक म्हणा आणि सूटकेसला बॅग. 'कारण तो फार मोठा आहे' म्हटलं की चषक. 'बिग'च्या जागी 'स्मॉल' टाकलं की आपोआप 'कारण ती फार लहान आहे' असं तोंडात येतं. करारात 'इट' आणि 'देअर' दिसले की मागच्या नामांना मुद्दाम वेगवेगळ्या लिंगांची मराठी नावं द्यावीत: कंपनी ती, बँक हीही ती म्हणून उपयोग नाही, पण एकीला 'धनको' केलं की तो झाला.

आणि 'वी'. ई-मेलमध्ये 'वी शॅल बेअर द कॉस्ट ऑफ रिपेअर्स' आलं, तर आम्ही की आपण? घरमालकाने लिहिलं असेल तर 'आम्ही' म्हणजे खर्च त्याचा, 'आपण' म्हणजे अर्धा तुमच्या डोक्यावर. इंग्रजीत हा फरक करायला शब्दच नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने घरभाड्याच्या कागदात 'वी' आणि 'अस'भोवती गोल करून ठेवावं आणि करारात सुरुवातीला व्याख्या दिली आहे का ते बघावं. बहुतेक वेळा दिलेली असते, आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत.

मराठी प्रत्येक वेळी वाचवते असं मात्र समजू नये. 'आईची काळजी' म्हणजे आई करते ती की आईबद्दल वाटते ती? 'जुन्या वह्या आणि पुस्तकं' ह्यात पुस्तकं जुनी आहेत का? तिथे विशेषण दोनदा म्हणून बघावं, किंवा नामांची अदलाबदल करावी: 'पुस्तकं आणि जुन्या वह्या'. अर्थ बदलल्यासारखा वाटला तर मूळ वाक्यातही ते भोक होतंच.

आता एक पूर्ण वाक्य सोलून बघू. नमुन्यासाठी रचलेलं आहे, पण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या बोर्डावर ह्याची भावंडं लटकत असतात. 'मेंबर्स हू हॅव नॉट पेड द ड्यूज अँड सबमिटेड द फॉर्म बाय थर्टी फर्स्ट मार्च शॅल ओन्ली बी अलाउड टू यूज द क्लबहाउस विथ गेस्ट्स ऑन पेमेंट.'

क्रियापद: 'शॅल बी अलाउड'. कोणाला? मेंबर्सना. एवढं आधी कागदावर मोठ्या अक्षरांत: सभासदांना क्लबहाउस वापरता येईल. आता शेपट्या एकेक करून जोडायच्या. 'हू'पासूनचा तुकडा तीन तऱ्हांनी वाचता येतो: दोन्हींतलं काहीच केलं नाही, दोन्हींतलं एकतरी राहिलं, पैसे भरले नाहीत पण फॉर्म मात्र दिला. '३१ मार्चपर्यंत' फक्त फॉर्मला, की पैशांनाही? दोन. 'ओन्ली'चा 'च' कुठे: अशा सभासदांनाच, क्लबहाउसच (जिम वगैरे नाही), की पैसे भरल्यावरच? तीन. 'विथ गेस्ट्स': पाहुणे असतील तरच, की पाहुण्यांनाही घेऊन? दोन. 'पेमेंट' कशाचं: थकबाकीचं की पाहुण्यांच्या शुल्काचं? दोन. गुणाकार केला तर कागदावर ७२ अर्थ.

मग हेतूची चाळणी. नोटीस थकबाकी वसुलीसाठी आहे हे उघड आहे. फॉर्म दिलेल्यालाच शिक्षा, हे वाचन बाद. थकबाकीदारांनाच क्लबहाउस, म्हणजे वेळेवर भरणाऱ्यांना नाही, हेही बाद. तारीख फक्त फॉर्मला लावली तर पैसे कधीपर्यंत भरायचे ते कुठेच उरत नाही, म्हणून ती दोन्हींना. पाहुणे आणले तरच थकबाकीदाराला प्रवेश, हा विनोद आहे. एवढ्याने ७२ चे ८ झाले, म्हणजे तीन प्रश्न, प्रत्येकाला दोन उत्तरं. ह्यापुढे डोकं लढवून उपयोग नाही. वाक्यात जे नाहीच ते वाक्यातून निघत नाही.

शब्दांच्या सापळ्यांवर फार वेळ घालवत नाही, पण काही लक्षात असू द्यावेत. 'मे नॉट' म्हणजे 'परवानगी नाही' आणि 'कदाचित नाही' दोन्ही. 'सँक्शन' म्हणजे आपल्याकडे कर्ज मंजूर होतं ते, आणि बातम्यांत देशांवर लादले जातात ते निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. 'टेबल' तर समुद्र ओलांडला की उलटतो: ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांचा ह्या एका शब्दावरून लांबलचक वाद झाल्याचं चर्चिल ह्यांनी लिहून ठेवलंय, आणि दोघांना हवं होतं ते एकच होतं. आपल्याकडे 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' ही ब्रिटिश वळणाची चाल.

तारखा आणि मुदती. 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, डिक्शनऱ्या दोन्ही देतात. तो शब्द आला की तारखाच मागाव्यात. '०३/०४' अमेरिकेत ४ मार्च, इथे ३ एप्रिल. 'थर्टी डेज फ्रॉम १ जून' ह्यात १ जून मोजायचा का? केंद्रीय कायद्यांपुरतं उत्तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ मध्ये आहे: 'फ्रॉम' म्हटलं की पहिला दिवस सोडायचा, 'टू' म्हटलं की शेवटचा धरायचा. म्हणजे मोजणी २ जूनपासून आणि तिसावा दिवस १ जुलै. खासगी करारात करारातली व्याख्या आधी. ती नसेल तर एक दिवस अलीकडेच काम उरकावं. एका दिवसासाठी कोर्टात जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ज्याने वाक्य लिहिलं त्याला विचारायची वेळ आली की 'ह्याचा अर्थ काय?' असं विचारू नये. तो तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात परत वाचून दाखवतो. त्याऐवजी माणूस उभा करावा. वरच्या नोटिशीबद्दल असं विचारता येईल: फ्लॅट १०१ वाल्याने पैसे भरले, फॉर्म दिला नाही, त्याला नियम लागू का? १०२ ने काहीच केलं नाही. त्याला जिम वापरता येईल का? १०३ ने थकबाकी ठेवली पण पाहुण्यांचे पैसे द्यायची तयारी आहे. आत सोडणार का? उत्तर हो किंवा नाही, एवढंच येऊ शकतं. पहिल्याने 'एकही'-'एकतरी'चा गुंता सुटतो, दुसऱ्याने 'च'चा, तिसऱ्याने पेमेंटचा.

विमा पॉलिसीसारखा कागद असेल, जिथे एका बाजूने लिहायचं आणि दुसऱ्याने नुसती सही करायची, तिथे दोन्ही अर्थ खरोखर शिल्लक राहिले तर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा, हे तत्त्व आपली न्यायालयंही वापरतात. पण ते भांडण झाल्यानंतरचं. आधीच उत्तर मिळवायचं असेल तर ते ई-मेलवर घ्यावं, प्रश्नासकट. नुसतं 'येस, करेक्ट' असं उत्तर आलं आणि प्रश्नात 'ऑर' होता, तर पुन्हा पहिल्यापासून.